चिंचपाड्याचा फोटो शोधयंत्राला कसा सापडतो?

नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यात, सुरत–भुसावळ लोहमार्गावर चिंचपाडा नावाचे स्थानक आहे. समजा, या गावात एका तरुणाचे फोटो स्टुडिओचे छोटेसे दुकान आहे. लग्नसराईत त्याला उसंत नसते. पावसाळा लागला की काम आटते. पूर्वी लोक एकमेकांना विचारून फोटोग्राफर ठरवत. आता खांडबाऱ्याचे किंवा हद्दीपलीकडच्या सोनगडचे कुटुंब हातातल्या फोनवर ‘चिंचपाडा फोटोग्राफर’ असे लिहिते आणि जे नाव वर येईल त्याला फोन करते. आपला तरुण रोज इन्स्टाग्रामवर सुंदर छायाचित्रे टाकतो, पण शोधणाऱ्याला मात्र दुसरेच दुकान दिसते. असे का होते? उत्तर शोधताना आपल्याला थोडे गणित आणि थोडा भूगोल लागणार आहे.

यंत्राची सूची

आपण शोध घेतो त्या क्षणी गूगल जगभरची पाने चाळत बसत नाही. ते काम आधीच झालेले असते. पाठ्यपुस्तकाच्या शेवटी जशी शब्दसूची असते, तशी अवाढव्य सूची शोधयंत्र, म्हणजेच सर्च इंजिन, तयार ठेवते. कोणता शब्द कोणकोणत्या पानांवर आला, याची ती नोंद असते. आपण दोन शब्द दिले, की दोन्ही शब्दांसमोरची पाने पाहिली जातात आणि सामाईक पाने वर येतात. शाळेत शिकवतो तो संचांचा छेद तो हाच!

यातून पहिली गोष्ट स्पष्ट होते. ज्या छायाचित्राखाली एकही शब्द नाही, त्याची सूचीत नोंद व्हायला फारसा आधारच नसतो. फोटो कितीही देखणा असला तरी फरक पडत नाही.

दुर्मिळ शब्दाचे वजन

सगळे शब्द सारख्या मोलाचे नसतात. १९७२ साली ब्रिटिश संशोधक कॅरन स्पार्क जोन्स यांनी एक साधी कल्पना मांडली: जो शब्द थोड्या ठिकाणी आढळतो, तो शोधासाठी अधिक उपयोगी. एकूण पाने आणि तो शब्द असलेली पाने यांचे गुणोत्तर घ्यायचे आणि त्याचा लॉगरिथम काढायचा. ते झाले शब्दाचे वजन.

समजा, आपल्याकडे १००० फोटोओळी आहेत. ‘फोटो’ हा शब्द ५०० ओळींत आहे. गुणोत्तर २, वजन ०.३. ‘लग्न’ १०० ओळींत आहे; वजन १. ‘चिंचपाडा’ १० ओळींत आहे, वजन २. ‘मावची’ हा शब्द एकाच ओळीत आहे, वजन ३. आजची शोधयंत्रे याहून पुष्कळ गुंतागुंतीची आहेत, पण पायाभूत तत्त्व आजही उपयोगी आहे. ‘सुंदर फोटो’, ‘बेस्ट वेडिंग’ अशा हॅशटॅगांनी फारसे काही का साधत नाही, ते या आकडेमोडीतून कळते. जे शब्द सगळेच लिहितात, त्यांनी आपली वेगळी ओळख पटत नाही.

एक नाव, अनेक गावे

चिंच आणि पाडा हे दोन्ही शब्द महाराष्ट्रात इतके रुळलेले आहेत, की चिंचपाडा एकच असणे शक्य नव्हते. कल्याण पूर्वेला चिंचपाडा आहे. नवी मुंबईत ऐरोलीजवळ आहे. पनवेल तालुक्यातले चिंचपाडा नवी मुंबई विमानतळासाठी विस्थापित झालेल्या गावांपैकी एक. मुंबईच्या आसपास वस्ती दाट, दुकाने जास्त आणि त्यांची पानेही जास्त. त्या गर्दीत नवापूरचे चिंचपाडा मागे पडण्याचा धोका उघड आहे.

नावाने ओळख पटत नाही, ही अडचण या जिल्ह्याला नवी नाही. एका नावाची अनेक माणसे असतात, म्हणून प्रत्येकाला वेगळा क्रमांक द्यायचे ठरले आणि देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्याच टेंभली गावी दिले गेले. दुकानासाठी असा क्रमांक म्हणजे अक्षांश-रेखांश. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. दशांश चिन्हापुढे चार अंक घेतले, की आपण सुमारे ११ मीटरपर्यंत पोहोचतो. गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद केली, की हे स्थान निश्चित होते. स्थानिक शोधासाठी गूगलने स्वतःच तीन निकष सांगितले आहेत: शब्दांची जुळणी, शोधणाऱ्यापासूनचे अंतर आणि दुकानाची प्रसिद्धी. त्यातला अंतराचा निकष या नोंदीवर अवलंबून आहे.

शब्दांच्या बाजूने उपाय सोपा आहे. नुसते ‘चिंचपाडा’ न लिहिता ‘चिंचपाडा, ता. नवापूर, जि. नंदुरबार’ असे लिहावे. छेद घेतला, की बाकीची चिंचपाडे गळून पडतात. हा भाग गुजरातला लागून असल्याने गावाचे नाव देवनागरी, गुजराती आणि रोमन अशा तिन्ही लिप्यांत द्यावे. यंत्रे लिप्यांची सांगड थोडीफार घालतात, पण त्यावर विसंबू नये.

दुवे आणि त्यांची मते

शब्द जुळणारी पाने हजारो निघाली, तर आधी कोणते दाखवायचे? १९९८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी यावर उत्तर सुचवले. एका पानावरून दुसऱ्या पानाकडे जाणारा दुवा हे एक मत समजायचे. आणि ज्या पानाला स्वतःला पुष्कळ मते आहेत, त्याच्या मताचे वजन जास्त धरायचे.

मग इन्स्टाग्रामवर आपल्या संकेतस्थळाचा दुवा दिला, की मत मिळाले का? बहुधा नाही. अशा फुकट मतांचा सुळसुळाट होऊ लागला, तेव्हा २००५ साली शोधयंत्रांनी ‘हे मत मोजू नका’ अशी एक खूण ठरवली. बहुतेक सामाजिक माध्यमे बाहेर जाणाऱ्या दुव्यांना ती खूण लावतात. २०१९ पासून गूगल तिला सक्त आदेश न मानता सूचना मानते, तरी दुव्यांची रास घालून क्रमांक वर चढत नाही.

तरीही ही माध्यमे निरुपयोगी नाहीत. जुलै २०२५ पासून इन्स्टाग्रामच्या व्यावसायिक खात्यांवरील सार्वजनिक छायाचित्रे शोधयंत्रांच्या निकालांत येऊ शकतात. म्हणजे फोटोखालची ओळ हीच आता सूचीची सामग्री झाली आहे. पिंटरेस्टवर चित्रासोबत मूळ पानाचा दुवा राहतो, त्यामुळे चित्र पाहणारा दुकानापर्यंत पोहोचतो. आणि चित्रे आवडलेली माणसे पुढे दुकानाचे नाव घेऊन शोधतात, नकाशावर अभिप्राय लिहितात. प्रसिद्धी वाढते ती अशी, आडवाटेने.

यंत्राला चित्र दिसते का?

२०१२ साली टोरांटो विद्यापीठाच्या गटाने चित्रे ओळखण्याच्या इमेजनेट स्पर्धेत मोठ्या फरकाने बाजी मारली. तेव्हापासून यंत्रे चित्रातल्या वस्तू बऱ्यापैकी ओळखू लागली आहेत. नवरी, मांडव, ढोल हे यंत्राला कळू शकते. पण हे लग्न कोणत्या गावचे, कोणत्या समाजाचे, चित्र कोणी टिपले, हे बहुधा चित्रात नसते. ते माणसानेच लिहावे लागते. ‘आयएमजी २०४५’ या नावापेक्षा ‘मावची विवाह, चिंचपाडा, ता. नवापूर’ ही ओळ यंत्रालाही उपयोगी आणि वाचणाऱ्यालाही.

सापडण्याची दुसरी बाजू

येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांशी जरूर बोलावी. चित्र सापडण्याजोगे केले, की त्यातली माणसेही सापडण्याजोगी होतात. नवापूर तालुका बहुसंख्य आदिवासींचा आहे. होळीच्या किंवा लग्नाच्या पोशाखातला फोटो शोधयंत्रात गेला, की तो कोण कुठे वापरील यावर ताबा राहत नाही. म्हणून आधी विचारावे, मुलांच्या बाबतीत पालकांना विचारावे, आणि दुकानाचे स्थान खुशाल द्यावे, पण गिऱ्हाइकाच्या घराचे देऊ नये.

वर्गात करून पाहा

प्रत्येक विद्यार्थ्याला गावातल्या एका फोटोखाली एक ओळ लिहायला सांगा. फळ्यावर सगळ्या ओळींची शब्दसूची बनवा, प्रत्येक शब्दाचे वजन काढा आणि मग दोन-तीन शब्द देऊन शोध घ्या. कोणाची ओळ पहिली आली आणि का, यावर चर्चा करा. जिने कोण, काय, कोठे हे नेमके सांगितले, ती ओळ बहुतेक वेळा वर आलेली दिसेल. चिंचपाड्याच्या दुकानदारालाही याहून वेगळी युक्ती लागत नाही.