धूर काळा होता तेव्हा

मुंबईतली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली. कौतुकाचे किती लेख आले! त्याच आठवड्यात उच्च न्यायालयाला शहराच्या हवेची स्वतःहून दखल घ्यावी लागली, आणि मला त्या टॅक्सीच्या मागचा धूर आठवला.

गिरण्यांच्या धुराड्यांबद्दल पुष्कळ लिहून झालंय. मी पाहिली ती नव्वदी. टॅक्सींना डिझेल इंजिनं बसवलेली, त्यात रॉकेलची भेसळ. संध्याकाळी सायनहून घरी आलं की रुमाल काळा. तक्रार केली की ठरलेलं उत्तर मिळे: आपला देशच धुळीचा! ते उत्तर खपायचं, कारण हवा तोलली जायची वजनावर. गाळणकागदातून हवा ओढायची, आधीचं आणि नंतरचं वजन घ्यायचं. त्या वजनात माती काजळीला झाकून टाकते. डिझेलच्या काजळीचा मूळ मणी जेमतेम २०-३० नॅनोमीटरचा. असे मणी चिकटून १०० नॅनोमीटरच्या आसपासचे पुंजके होतात. १० मायक्रॉनच्या एका कणाच्या आकारमानात ०.१ मायक्रॉनचे १० लाख कण मावतात. मोठा कण बहुधा नाकाघशात अडकतो, हे बारीक कण थेट वायुकोशांपर्यंत जातात.

१९९३ साली हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या सहा शहरांत सूक्ष्म कण आणि मृत्यू यांचा संबंध दाखवला. १९९७ मध्ये अमेरिकेने पीएम २.५चं, म्हणजे हवेतल्या २.५ मायक्रॉनपर्यंतच्या कणांचं मानक आणलं. आपल्याकडे ते आलं २००९ मध्ये. मधल्या बारा वर्षांचा हिशेब कोणी दिलेला नाही.

तरी नव्वदीत लोक चिडत होते. स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम हा रहिवाशांचा मंच कोर्टात गेला, कोर्टाच्या आदेशाने लाल समिती बसली, टॅक्सी सीएनजीवर गेल्या. २०२० मध्ये गाड्यांच्या धुरासाठी बीएस-६ मानक आलं. काळा धूर विरला आणि त्याच्याबरोबर ती चीडही. याचंच मला फार वाईट वाटतं.

आता रस्त्यांवर पाणी फवारतात. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात शहरांची प्रगती मुख्यतः पीएम १० वर, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांच्या वजनावर जोखली जाते, म्हणजे झाडू आणि टँकरने गुण मिळतात. बीएस-६ची डिझेल मोटार किलोमीटरमागे किती कण सोडते, याची संख्येत मर्यादा आहे. आपण श्वास घेतो त्या हवेला मात्र अशी मर्यादाच नाही. सायन, कुर्ला, चेंबूरच्या नाक्यांवर कणांची संख्या मोजणारी यंत्रं लावा, आकडे रोज जाहीर करा. गाडीला लावलेला नियम माणसाच्या फुप्फुसालाही लावा.