जपानमध्ये स्वतःचा धंदा टाकायचा? आता तीन कोटी येन लागतात

पांढुर्णा/सौंसर : "जपानमध्ये कंपनी काढ, व्हिसा आपोआप मिळतो," असा सल्ला आपल्या भागातल्या एखाद्या पोराला कोणी देत असेल, तर आधी भांडवलाचा आकडा विचारावा. उत्तर पन्नास लाख येन आलं, तर सल्ला जुना आहे. त्यावर पैसे देऊ नयेत.

परदेशी माणसाला जपानमध्ये धंदा चालवायचा तर 'बिझनेस मॅनेजर' नावाचा व्हिसा लागतो. आधी त्यासाठी पन्नास लाख येन, म्हणजे तीस लाख रुपयांच्या आतली रक्कम दाखवली आणि ऑफिसची जागा असली की अर्ज करता यायचा. १६ ऑक्टोबर २०२५ पासून ही रक्कम सहापट झाली. तीन कोटी येन म्हणजे साधारण पावणेदोन कोटी रुपये! शिवाय किमान एक पूर्णवेळ कर्मचारी हवा, आणि तो जपानी नागरिक, तिथला कायम रहिवासी किंवा तशाच काही ठरावीक गटांपैकी हवा. मालकाकडे तीन वर्षांचा व्यवस्थापनाचा अनुभव नाहीतर पदव्युत्तर पदवी हवी. मालक किंवा कर्मचारी, दोघांपैकी एकाला कामापुरतं नव्हे, चांगलं जपानी यायला हवं. धंद्याचा आराखडा सनदी लेखापालासारख्या जाणकाराकडून तपासून घ्यायचा. घरालाच ऑफिस म्हणून दाखवणंही आता सहसा चालत नाही.

नुसत्या कागदावरच्या कंपन्या काढून तिथे राहायला येणाऱ्यांची संख्या वाढली, हे जपान सरकारचं म्हणणं. त्यात खरे छोटे धंदेवालेही भरडले जातात, हेही तितकंच खरं. ज्यांच्याकडे आधीपासून हा व्हिसा आहे त्यांना ऑक्टोबर २०२८ पर्यंत सवलत आहे. काही शहरं नवउद्योजकांना जास्तीत जास्त दोन वर्षांचा 'स्टार्टअप व्हिसा' देतात, पण ती मुदत संपली की तीन कोटींचा प्रश्न पुन्हा समोर येतो.

मग रस्ता कुठला उरला? अंबरनाथचे योगेंद्र पुराणिक गेले तो. जपानमध्ये त्यांना 'योगी' म्हणतात. पुण्यात जपानी शिकले, २००१ मध्ये कामासाठी तिकडे गेले, आयटी आणि बँकेत नोकरी केली. टोकियोच्या एदोगावा भागातलं निशिकासाई म्हणजे भारतीयांची वस्ती. तिथे त्यांनी 'रेका' नावाचं घरगुती जेवणाचं हॉटेल काढलं, ते आईने सांभाळलं. २०१२ मध्ये जपानचं नागरिकत्व घेतलं, २०१९ मध्ये एदोगावाच्या स्थानिक सभेत निवडून आले. जपानमध्ये निवडणूक जिंकणारे ते भारतात जन्मलेले पहिले. पुढे इबाराकी प्रांतातल्या सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. क्रम बघा : आधी भाषा, मग नोकरी, धंदा त्यानंतर. कायम रहिवासी झालेल्या माणसाला बिझनेस मॅनेजर व्हिसाची गरजच पडत नाही. मात्र त्यासाठी सर्वसाधारणपणे दहा वर्षं तिथे काढावी लागतात.

ही वर्षं वाया जात नाहीत, कारण तिथल्या धंद्याची रीत पुस्तकातून येत नाही. 'नेमावाशी' हा शब्द संत्र्याच्या बागा असलेल्यांना लवकर कळेल. शब्द मुळात माळ्यांचा आहे. मोठं झाड दुसरीकडे हलवायचं तर काही महिने आधीच बुंध्याभोवती खणून थोडी मुळं छाटतात, म्हणजे नवी बारीक मुळं फुटतात आणि जागा बदलली तरी झाड तग धरतं. ऑफिसात याचा अर्थ असा, की मीटिंगच्या आधी प्रत्येकाला वेगवेगळं भेटायचं, शंका ऐकायच्या, प्रस्तावात बदल करायचे. मीटिंगमध्ये फक्त शिक्कामोर्तब होतं. नवा परदेशी पोरगा भर मीटिंगमध्ये नवी कल्पना मांडतो, समोरचे मान डोलावतात, "विचार करू" म्हणतात. त्याला वाटतं, काम झालं. बहुतेक वेळा तो नकार असतो.

दुसरी गोष्ट 'होरेन्सो'. कळवणं, संपर्क ठेवणं, सल्ला घेणं, या तीन जपानी शब्दांची ही जोडाक्षरी. याच उच्चाराचा दुसरा अर्थ पालक, भाजीतला. काम बिघडलं तर लगेच सांगायचं, दुरुस्त करून मग नाही. आपल्याकडे 'आधी निस्तरू, मग सांगू' ही सवय असते, आणि तिकडे नेमका तिथेच विश्वास जातो.

भाषेत मात्र आपली पोरं मागे पडायचं कारण नाही. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, विभक्तीसारखे शब्द नामाच्या मागे लागतात. "मी भात खातो" याच क्रमाने बोलायचं. अवघड आहे ती लिपी. आणि घरी मराठी, तहसीलमध्ये हिंदी, कॉलेजात इंग्रजी हे पांढुर्णा-सौंसरच्या मुलांना लहानपणापासूनच अंगवळणी पडलेलं असतं.

जपानी भाषेची जेएलपीटी परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते. मुंबई-पुण्यात केंद्रं आहेत. पातळ्या पाच, एन-५ सर्वांत सोपी. नव्या व्हिसाला एन-२ च्या तोडीचं जपानी लागतं, आणि कॉलेज सांभाळून तिथवर पोचायला दोन-तीन वर्षं सहज जातात.