सुगीतील चोरी : आधी खूण, मग राखण

दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची गंजी शेतात, कापूस घरात आणि मोटार विहिरीवर असते. वर्षाची कमाई चोराच्या हाताशी येते ती याच दिवसांत.

चोरीचा माल सापडला तरी तो आपला आहे हे दाखवता आले पाहिजे. सोयाबीन सगळ्यांचे सारखेच दिसते. म्हणून पोत्यांवर पक्क्या रंगाने खूण करावी व पोती मोजून नोंद ठेवावी. मोटारीचा क्रमांक वहीत उतरवावा. क्रमांकाची पाटी काढता येते, म्हणून मोटारीच्या अंगावर छिन्नीने आपली खूण करावी. खरेदीची पावती जपावी.

मळणी झालेला माल रात्री खळ्यावर ठेवू नये. राखणीसाठी शेजाऱ्यांनी पाळी लावावी. चोर दिसल्यास अंगावर जाऊ नये, मारहाण तर मुळीच करू नये. वाहनाचा क्रमांक टिपून ११२ वर कळवावे.

चोरी झाल्यास पावलांचे व चाकांचे ठसे तुडवू नयेत. पोलीस पाटलांना सांगावे. मात्र तेवढ्यावर न थांबता ठाण्यात फिर्याद द्यावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते व तिची प्रत विनामूल्य मिळते. ती अवश्य मागून घ्यावी.