खाडीकाठचा पाठ

किनाऱ्यालगतच्या शाळांतील शिक्षकांनी कांदळवनाचा पाठ वर्गात न घेता ओहोटीच्या वेळी खाडीकाठी घ्यावा. चिखलातून वर आलेली तिवराची टोकदार मुळे मुलांस दाखवावी. चिखलात प्राणवायू अत्यल्प असतो. म्हणून हे झाड त्या मुळांवाटे श्वास घेते. पानावर बोट फिरवून जिभेस लावल्यास खारट लागते. ही गंमत मुले विसरत नाहीत. याच मुळांच्या आडोशास कोळंबी व कित्येक माशांची पिले वाढतात. वडिलांच्या जाळ्यात येणाऱ्या मासळीचे बालपण येथे जाते, हे कोळ्याच्या मुलास स्वतः पाहून उमगले पाहिजे. सरपणासाठी तिवर तोडणाऱ्या घरी तेच मूल बोलेल. २०२० साली महाराष्ट्र शासनाने पांढऱ्या चिप्पीस राज्य कांदळवन वृक्ष घोषित केले, हे मागाहून सांगितले तरी चालेल. भरती लागण्यापूर्वी मात्र मुलांना घेऊन परतावे.