एक्स-रेमधली रिकामी फट

पिंपळे गुरवच्या डायनासोर गार्डनमध्ये सकाळी फेऱ्या मारणारे आजी-आजोबा पाहिलेत ना? त्यांच्यापैकी कुणाच्या गुडघ्यात धातू बसवलेला असेल, तर बाहेरून कळेल का? छे! त्यासाठी एक्स-रेच बघायला हवा.

त्या एक्स-रेमध्ये एक गंमत दिसते. वर पांढराशुभ्र धातू, खाली पांढराशुभ्र धातू आणि मधे... काहीच नाही! मग आजीचं मांडीचं हाड काय हवेत तरंगतं? नाही हो. त्या फटीत प्लॅस्टिकची जाड चकती असते. क्ष-किरण तिच्यातून आरपार जातात, म्हणून ती दिसत नाही. हे प्लॅस्टिक म्हणजे पॉलिथिलीन. हो, दुधाची पिशवी ज्याची असते तेच! फक्त याचे रेणू फार फार लांब आणि एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे ते लवकर झिजत नाही. याच प्लॅस्टिकच्या धाग्यांपासून बंदुकीची गोळी अडवणारी जाकिटंही बनतात.

पण ही चकती लागते कशाला? मांडीचं हाड आणि नडगी जिथे भेटतात, तिथे दोघांच्याही टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. घरातली मोठी माणसं त्याला गादी म्हणतात. साधं चालतानाही गुडघ्यावर आपल्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पडतो. गादी झिजली की हाडावर हाड घासतं आणि जिना चढताना आजीच्या तोंडून ‘आई गं!’ निघतं.

मग गुडघा बदलण्याचं ऑपरेशन करतात. त्यात अख्खा गुडघा काढून टाकतात, असं वाटतं ना? मुळीच नाही! खराब दातावर कॅप बसवतात, तसंच हे काम. हाडांच्या टोकांवरून साधारण सेंटिमीटरभर जाडीचे काप काढतात. मग मांडीच्या हाडावर कोबाल्ट-क्रोमियमचं गोलसर आवरण, नडगीवर बहुतेक वेळा टायटॅनियमची तबकडी आणि मधे आपली चकती.

पूर्वीच्या काही कृत्रिम गुडघ्यांत चक्क बिजागरी असायची. पण खरा गुडघा वाकताना घरंगळतो, सरकतो, थोडा वळतोही. बिजागरीला ते जमेना, मग ती हाडात ढिली व्हायची. १९७४ साली न्यूयॉर्कमध्ये बिजागरी नसलेला एक नवा गुडघा पहिल्यांदा बसवला गेला. तो घडवणाऱ्यांत आपले डॉ. चित्तरंजन राणावत होते. पुढे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींचे दोन्ही गुडघे त्यांनीच मुंबईच्या ब्रीच कँडी हॉस्पिटलात बदलले, डावा २००० साली आणि उजवा २००१ साली.

मला सगळ्यात भारी वाटतं ते हे, की या गुडघ्यात मोटर नाही की बॅटरी नाही. त्याला हलवतात आजीचेच स्नायू! म्हणून तर डॉक्टर दुसऱ्याच दिवशी, कधी त्याच दिवशी, वॉकर धरून चालायला लावतात. दुखत असतं, कंटाळा येतो, पण व्यायाम टाळला तर गुडघा आखडतो. तुमच्या घरी कुणाचा गुडघा बदलला असेल, तर व्यायामाच्या वेळी शेजारी बसा आणि मोठ्याने आकडे मोजा.