साताऱ्यातली एक पंगत

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्यातल्या एका शाळेच्या पटावर नऊ वर्षांच्या भीमराव आंबेडकरांचं नाव चढलं. महाराष्ट्रात हा दिवस आता विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. वर्गात बसायला या मुलाला घरून गोणपाट आणावं लागे आणि शाळा सुटल्यावर ते गुंडाळून परत न्यावं लागे, कारण झाडलोट करणारा माणूसही त्या गोणपाटाला शिवत नसे. तहान लागली तरी नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई जागेवर नसला तर कोरडा घसा. ही आठवण बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवली आहे.

त्या शाळेतही सत्य, दया, परोपकार शिकवत असतीलच. पण मुलं शिकली असतील ती नळापाशी.

हल्ली शाळेने मुलांमध्ये कोणते गुण रुजवायचे, याच्या याद्या तयार मिळतात. मुंबई-पुण्यात आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळांमध्ये दहा गुणांचा तक्ता भिंतीवर असतो. त्यात जिज्ञासू, विचारी, तत्त्वनिष्ठ, सहृदय अशा गुणांच्या पंगतीला जोखीम घेणाराही बसलेला असतो. यादीत खोट काढावी असं काही नाही. प्रश्न एवढाच, की सकाळच्या प्रार्थनेपासून शेवटच्या घंटेपर्यंतच्या दिवसात या गुणांना हातपाय फुटतात कुठे?

याचं एक उत्तर त्याच साताऱ्यात सापडतं. कराडजवळच्या काले गावी १९१९ मध्ये भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याचं ‘छत्रपती शाहू बोर्डिंग’ असं नामकरण झालं. इथे मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशी सगळी मुलं एका छपराखाली राहत आणि एका पंगतीत जेवत. दळण, स्वयंपाक, झाडलोट, पाणी भरणं ही कामंही मुलांचीच. आज तुझ्याकडे पीठ, उद्या माझ्याकडे भांडी. ज्याच्या घरी बापाने कधी परातीला हात लावला नव्हता, त्या मुलाला इथे भाकरी थापावी लागे. ती तव्यावर टाकताना मोडली, तर तीच मोडकी भाकरी सगळ्यांच्या ताटात. समतेवर वेगळं व्याख्यान द्यायला मग उरतंच काय?

भाऊरावांना हे पुस्तकातून सुचलेलं नव्हतं. कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात शिकत असताना ते अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेले. परत आल्यावर शुद्धीसाठी आंघोळ करायला त्यांनी नकार दिला आणि त्यापायी वसतिगृह सोडावं लागलं. ज्या जेवणघरातून बाहेर पडावं लागलं, त्याच्या उलटं जेवणघर त्यांनी पुढे उभारलं.

हे सगळं सुखासुखी चाललं नाही. पोरांच्या पोटाची सोय करताना भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रही. भाऊरावांच्या नावाचा जयघोष होतो तेव्हा ही बाजू कडेला राहते, हे बरं नव्हे. मुलांवर संस्कार करण्याचा खर्च कोणाच्या तरी अंगावरून उतरतोच.

‘स्वावलंबी शिक्षण’ हे रयतचं ब्रीद. ‘कमवा आणि शिका’ योजना त्याच वाटेवरची. श्रम करून शिकणारा मुलगा कोणाचा मिंधा राहत नाही, हा भाऊरावांचा हिशेब होता. आजही अनेक महाविद्यालयांत ग्रंथालयात किंवा बागेत काही तास काम करून मुलं मेसचा खर्च भागवतात.

आता मात्र शाळेत मुलाच्या हातात झाडू दिसला की काही पालक तक्रार घेऊन येतात. आम्ही पोराला शिकायला पाठवलंय, झाडायला नाही! जपानमध्ये वर्ग आणि व्हरांडे मुलंच पुसतात, असं त्यांना सांगून उपयोग होत नाही. तक्रार अगदीच खोटीही नसते. झाडू रोज मुलींच्याच हाती येत असेल, किंवा ठरावीक वस्तीतल्या मुलांच्याच, तर तिथे श्रमाची गोडी लागत नाही, जुनीच उतरंड पक्की होते. बोर्डिंगमधल्या झाडूची गोष्ट वेगळी होती, कारण तो सगळ्यांकडे पाळीपाळीने जाई.

जिल्हा परिषदेच्या शाळेत दुपारी खिचडी शिजते, तेव्हा हाच प्रश्न ओट्यावर येतो. व्हरांड्यात दोन ओळी समोरासमोर बसतात. बादलीतली खिचडी डावाने वाढली जाते. कोण कोणाशेजारी बसलंय? वाढायला कोण उठलंय? पहिलीतल्या मुलाच्या ताटात वाटाणे आले की नाही, हे कोण पाहतंय? जेवण झाल्यावर नळावर गर्दी होते. मोठी मुलं आपली ताटं विसळतात, कोणी लहानग्याचंही हातासरशी घासून देतं. तोटी गळत असते, पाणी पायांवर उडतं, आणि ज्याला तहान लागलीय तो कोणालाही न विचारता ओंजळ पुढे करतो.