आधी पाणी तपासा, मग फिल्टर घ्या

देवगाव रंगारी हे कन्नड तालुक्यातले गाव. गावाच्या नावातच रंगारी आहे. कापडाचा रंग डोळ्यांनी पारखता येतो. पाण्याचे तसे नाही. नितळ पाण्यातही रोगाचे जंतू असू शकतात. हे ज्याला ठाऊक नाही, त्याला फसवणे सोपे जाते.

समजा, या गावात एक घर आहे. परसात जुना आड आहे. लेक बाळंतपणाला माहेरी आली आहे. तान्हे बाळ घरात येणार, म्हणून आईला पाण्याची काळजी लागली आहे. अशात एक फिल्टरवाला दारात येतो.

"मावशी, तुमच्या आडाचं पाणी कसं आहे?"

"चांगलं आहे की. दोन पिढ्या पितोय आम्ही."

"मग दाखवतोच तुम्हाला."

तो दोन पेले मांडतो. एकात आडाचे पाणी, दुसऱ्यात त्याने बरोबर आणलेले फिल्टरचे पाणी. दोन्हींत तो लोखंडी कांड्या बुडवतो आणि त्यांतून वीज सोडतो. थोड्याच वेळात आडाचे पाणी पिवळे होते, मग काळपट होते. दुसरा पेला तसाच राहतो.

"पाहा मावशी, हे तुमच्या नातवाच्या पोटात जाणार! निम्मे पैसे आज द्या, उद्या यंत्र बसवतो. आमच्याकडं लायसन आहे."

आई घाबरते. कांद्याचे आलेले पैसे आणायला उठते.

मावशी, जरा थांबा! तो काळा रंग तुमच्या पाण्यातला नाही. तो कांडीतला आहे. पाण्यातून वीज गेली की लोखंड झिजते आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. पाण्यात क्षार असले की वीज वाहते. आडाच्या पाण्यात क्षार असतातच. क्षार म्हणजे विष नव्हे. फिल्टरच्या पाण्यात क्षार फार थोडे, म्हणून ते तसेच राहते. त्याच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाका आणि त्यालाच पुन्हा कांड्या बुडवायला सांगा. त्याचेही पाणी काळे होईल. तुम्ही मात्र कांड्यांना हात लावू नका. विजेचा धक्का बसेल.

पाण्याचा अहवाल

मग पाण्याची पारख करायची कशी? तपासून. आधी ग्रामपंचायतीत जा. तिथे जलसुरक्षकाला विचारा. जलजीवन मिशन 2019 साली सुरू झाले. त्यात गावोगावच्या बायांना पाणी तपासायच्या पेटीचे शिक्षण दिले आहे. पेटीने पहिला अंदाज येतो. पुरी तपासणी प्रयोगशाळेत होते. छत्रपती संभाजीनगरला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा आहे.

क्षारांच्या तपासणीसाठी स्वच्छ बाटली घ्या. ती आडाच्याच पाण्याने तीनदा विसळा, मग भरा. जंतूंच्या तपासणीसाठी मात्र प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली लागते. ती विसळू नका. ती गार ठेवून 24 तासांच्या आत पोचवा.

अहवालात आकडे येतात. त्यांना भिऊ नका. आपल्या आकड्याशेजारी सरकारी मर्यादेचा आकडा ठेवून पाहा. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक 10500 हे आहे. त्यात एक लिटर पाण्यासाठी या मर्यादा दिल्या आहेत:

नायट्रेट: 45 मिलिग्रॅम.
फ्लोराइड: 1 मिलिग्रॅम. दुसरे पाणीच नसेल तर 1.5.
विरघळलेले एकूण क्षार: 500 मिलिग्रॅम. दुसरे पाणी नसेल तर 2000.

विष्ठेतून येणारे जंतू मात्र 100 मिलिलिटर पाण्यात एकही असता कामा नये.

जसा दोष, तसा उपाय

नुसते जंतू निघाले तर महागडे यंत्र लागत नाही. ब्लीचिंग पावडर पुरते. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर हा ढोबळ हिशेब आहे. आड 2 मीटर रुंद आहे आणि पाणी 4 मीटर खोल आहे, असे धरा. म्हणजे पाणी झाले सुमारे साडेबारा हजार लिटर. त्याला 31 ग्रॅम पावडर लागेल. ती बादलीत कालवा. चुना खाली बसू द्या. वरचे निवळ पाणी आडात सोडा आणि ढवळा. तासभर पाणी काढू नका. पावडर जुनी झाली की तिचा जोर उतरतो, म्हणून जलसुरक्षकाला बरोबर घ्या. पाणी उकळूनही जंतू मरतात.

नायट्रेटचे तसे नाही. ते उकळून जात नाही. उलट पाणी आटते आणि नायट्रेट दाट होते. अशा पाण्यात वरचे दूध कालवून तान्ह्या बाळाला पाजले, तर बाळाचे रक्त प्राणवायू नीट वाहून नेत नाही. अंग निळे पडते. जीवही जाऊ शकतो. अशा बाळाला हे पाणी देऊच नका. दुसरे तपासलेले पाणी आणा. इथे आरओ यंत्राचा उपयोग होतो. पण उकिरडा आणि संडासाचा खड्डा आडाजवळ असेल तर तोही हलवा. निदान 50 फूट अंतर हवे.

आरओ यंत्र पाणी टाकूनही देते. एका घागरीमागे पुष्कळदा दोन-तीन घागरी वाया जातात. उन्हाळ्यात आड तळाला जातो, तेव्हा हे परवडेल का, हा हिशेब आधी करा.

लायसन कशाचे?

यंत्र लागणारच असेल, तर गुत्तेदाराचे कागद वाचा. "लायसन आहे" एवढ्यावर भुलू नका. कशाचे आहे, ते पाहा.

दुकानाची नोंदणी आणि जीएसटी क्रमांक हे धंद्याचे आणि कराचे कागद आहेत. त्याला पाण्यातले कळते, असे त्यांवरून ठरत नाही.

आयएसआय चिन्ह हे यंत्राचे असते, गुत्तेदाराचे नव्हे. घरच्या आरओ यंत्राचे मानक 16240 आहे. चिन्हाखाली सीएम/एल हा परवान्याचा क्रमांक असतो. 'बीआयएस केअर' या ॲपवर तो तपासता येतो.

पंपाचे आणि विजेचे काम मात्र परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या. परवाना पाहायला मागा. त्यात संकोच कसला?

मग बोलणी कागदावर आणा. कोणता दोष किती कमी होईल? आत बदलायच्या भागांना वर्षाला किती खर्च येईल? हमी किती दिवसांची? हे लिहून घ्या. यंत्र बसल्यावर पाणी पुन्हा तपासा. शेवटचे पैसे त्यानंतर देण्याचे ठरवा. पक्के बिल घ्या. फसवणूक झालीच तर 1915 या ग्राहक क्रमांकावर फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते. तिथे बिलच कामाला येते.

आता त्या आईकडे परत येऊ. तिने काय म्हणावे?

"भाऊ, आठ-पंधरा दिवसांनी ये. आधी पाणी तपासून आणते. अहवाल आला की तुझे कागद आणि माझा कागद शेजारी ठेवू, अन् मग बोलू."

ज्याचे काम खरे आहे, तो परत येईल. जो येणार नाही, त्याच्यापासून कांद्याचे पैसे वाचले.